मोटरहोममधील मनोरंजन उपकरणांचे उष्णतेपासून रक्षण

मोटरहोममधील मनोरंजन उपकरणांचे उष्णतेपासून रक्षण म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनात बसवलेले दूरचित्रवाणी संच, उपग्रह वाहिन्यांचे सेट-टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, डिस्क प्लेयर, गेम कन्सोल इत्यादी यंत्रे निर्मात्याने ठरवून दिलेल्या तापमान-मर्यादेत राहावीत यासाठी केलेली योजना होय. कपाटाची रचना, हवेचे मार्ग, पंखे, विद्युतपुरवठा आणि वाहन उभे करण्याची पद्धत या सर्वांचा तीत समावेश होतो. घरातील दिवाणखान्यात हीच यंत्रे उघड्या मांडणीवर ठेवलेली असतात आणि त्यांच्याभोवती खोलीभर हवा असते. मोटरहोममध्ये मात्र ती लहानशा बंद फडताळात, एकावर एक रचून आणि उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या किंवा फायबरग्लासच्या भिंतीला लागून बसवलेली असतात. घरी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारे यंत्र वाहनात एका उन्हाळ्यात बिघडते, त्याचे कारण बहुधा या फरकात सापडते.

पार्श्वभूमी

चाकांवरच्या घराची कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभीच रुजली. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील प्रदर्शनात पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने मांडलेली 'टूरिंग लँडॉ' ही गाडी या प्रकारातील आद्य वाहनांपैकी एक मानली जाते. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथे विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटरहोम मोठ्या संख्येने बनवण्यास सुरुवात केल्यावर हे वाहन मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आले. अमेरिकेत या वाहनांचे 'अ', 'ब' आणि 'क' असे तीन वर्ग करण्याची रूढी आहे. 'अ' वर्गातील वाहने बससारखी लांबरुंद असतात, 'ब' वर्गात व्हॅनचे रूपांतर केलेले असते, तर 'क' वर्गात मालवाहू गाडीच्या चालक-कक्षावर पुढे आलेला माळा असतो.

जुन्या 'अ' वर्गाच्या वाहनांत दूरचित्रवाणी संच चालकाच्या डोक्यावर, पुढच्या काचेच्या वरच्या खणात बसवला जाई. तो संच काचेच्या चित्रनलिकेचा, म्हणून पाठीमागे खोल असे, आणि त्यासाठी ठेवलेला खणही तसाच खोल असे. पुढे सपाट पडद्याचे संच आले. अमेरिकेतील पूर्ण क्षमतेच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी १२ जून २००९ रोजी जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवले, आणि त्या सुमारास असंख्य मालकांनी जुने संच काढून त्यांच्या जागी सपाट पडदे बसवले. पडद्यामागे रिकामा राहिलेला खण वाया का घालवायचा, म्हणून त्यात सेट-टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर आणि तारांचे जुडगे गेले. पूर्वी एका संचाची ऊब सोसणारा खण आता चार यंत्रांची भट्टी झाला, आणि त्याचे तोंड सपाट पडद्याने जवळजवळ झाकले गेले. या विषयातील तक्रारींचा मोठा भाग अशा नंतर केलेल्या फेरबदलांतून जन्मतो. मूळ कारखान्याची रचना प्रत्येक वेळी सदोष असतेच असे नाही.

उष्णतेचे उगम

विजेवर चालणारे यंत्र जेवढी वीज घेते, तेवढी जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पडद्याचा प्रकाश आणि कर्ण्याचा आवाज यांत जाणारा वाटा फार अल्प असतो, आणि तोही त्याच खोलीत शोषला जाऊन उष्णताच होतो. म्हणून यंत्रावर लिहिलेला वॅटचा आकडा हा ते किती उष्णता देईल याचा वरच्या बाजूचा अंदाज असतो. सेट-टॉप बॉक्स साधारणतः १५ ते ४० वॅट घेतो. अनेक वाहिन्यांचा ध्वनी हाताळणारा अ‍ॅम्प्लिफायर आवाज अगदी हळू असतानाही ५० वॅटच्या आसपास जातो. गेम कन्सोल खेळ चालू असताना १०० ते २०० वॅटपर्यंत पोहोचतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत त्याचा वर्ग महत्त्वाचा असतो. जुन्या 'अब' वर्गाच्या मंडलात घेतलेल्या विजेचा मोठा भाग धातूच्या पंखळ्यांवर उष्णता म्हणून जातो. आधुनिक 'ड' वर्गाच्या मंडलाची कार्यक्षमता पूर्ण भाराला ९० टक्क्यांच्या घरात असते. जागा तोकडी असेल तेथे 'ड' वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर घेणे हा पंखा बसवण्याहून सोपा उपाय ठरतो.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणारा सेट-टॉप बॉक्स दूरनियंत्रकाने बंद केला तरी त्याची तबकडी आणि ग्राहक मंडल बहुधा चालूच राहते, आणि तो जवळजवळ पूर्वीइतकीच वीज घेत राहतो. दिवा विझलेला दिसतो, पण फडताळ रात्रभर कोमट राहते.

यंत्रांच्या स्वतःच्या उष्णतेत बाहेरची उष्णता मिसळते. निरभ्र दिवशी दुपारी पृथ्वीच्या पृष्ठभागावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा पोहोचते. 'अ' वर्गाच्या वाहनाची पुढची काच दोन चौरस मीटरहून मोठी असते आणि तिच्या लगतच वर मनोरंजन कपाट असते. या पुढच्या भागात भिंतीइतके उष्णतारोधक अस्तरही बहुधा नसते. शिवाय शेजारची यंत्रे असतात. वायूवर चालणाऱ्या शोषण-प्रकारच्या शीतकपाटाच्या पाठीमागे ज्वालेने तापणारा बाष्पक असतो. त्याला लागून असलेल्या फडताळाची भिंत हाताला गरम लागते. इंजिन पुढे असलेल्या गाड्यांत लांबच्या चढानंतर इंजिनाच्या आवरणाची धग आत येते. अलीकडच्या वाहनांत पडद्याच्या खाली शोभेची विजेची शेगडी बसवण्याची टूम आहे. ती १,५०० वॅटपर्यंत वीज घेते आणि गरम हवा समोर सोडते. गरम हवा वर जाते, आणि वर नेमका दूरचित्रवाणी संच असतो! सोय करणाऱ्याने हा विचार केला असेलच असे गृहीत धरू नये.

बंद कपाटातील तापमान

कपाटाचे तापमान किती वाढेल याचा अंदाज साध्या गणिताने येतो. ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल आणि ४० सेंटिमीटर उंच अशी पेटी घेतली, तर तिच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १.४ चौरस मीटर भरते. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून, आतल्या-बाहेरच्या हवेच्या थरांचा रोध धरून, दर चौरस मीटरला दर अंश फरकामागे साधारण ३ वॅट उष्णता बाहेर जाते. पेटी सर्व बाजूंनी मोकळी असेल आणि आत १०० वॅट उष्णता निर्माण होत असेल, तर आतील हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे २४ अंशांनी तापून स्थिरावेल. पण मोटरहोममधील पेटी मोकळी नसते. तिची पाठ उष्णतारोधक भिंतीला, माथा छताला आणि एखादी बाजू दुसऱ्या कपाटाला टेकलेली असते. उष्णता जाण्यास निम्मेच क्षेत्र उरले तर फरक ४८ अंशांवर जातो. खोलीचे तापमान ३० अंश असेल तर कपाटातील हवा ७८ अंशांवर पोहोचेल. प्रत्यक्षात तोवर यंत्रांनी आपापली संरक्षक यंत्रणा वापरून माघार घेतलेली असते. घरगुती मनोरंजन उपकरणांच्या माहितीपुस्तिकांत वापराची कमाल मर्यादा बहुधा ३५ किंवा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. ही मर्यादा यंत्राभोवतीच्या हवेची, म्हणजे कपाटातील हवेची असते, खोलीची नव्हे. वाचकांचा घोटाळा बहुतेक वेळा येथेच होतो.

परिणाम

अतितापाचा पहिला परिणाम तात्पुरता असतो. चित्र अडखळते, गेम कन्सोल सूचना देऊन बंद पडतो, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मध्येच जातो आणि पंधरा मिनिटांनी परत येतो. आधुनिक चिपमध्ये तापमान वाढताच वेग कमी करण्याची व शेवटी काम थांबवण्याची सोय असते. असे घडू लागले म्हणजे यंत्र बिघडले असे समजण्याआधी कपाटाचे दार उघडून तासभर वाट पाहावी. दोष यंत्रात नसून जागेत आहे हे बहुधा तेवढ्यातच कळते.

दुसरा परिणाम हळू आणि कायमचा असतो. विद्युतपुरवठ्याच्या मंडलातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. १०५ अंशांना २,००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांना त्याच्या १६ पट, म्हणजे ३२,००० तास टिकावा. तोच ७५ अंशांवर चालला तर आयुष्य १६,००० तासांवर येते. दहा अंश म्हणजे कपाटाच्या पाठीला एक भोक पाडण्याइतकाच फरक.

तिसरा परिणाम तापण्या-निवण्याच्या आवर्तनांचा आहे. धातू, काच आणि प्लास्टिक उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे चिप आणि पाटी यांमधील सूक्ष्म जोडण्यांवर दर वेळी ताण येतो. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' या गेम कन्सोलचा बिघाड हे याचे गाजलेले उदाहरण होय. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्याची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. अशा आवर्तनांनी चिपच्या आवरणातील जोडण्या तडकत असल्याचे पुढे सांगण्यात आले. तो दोष दिवाणखान्यातील यंत्रांचा होता. वाहनात दिवसरात्रीचा तापमानफरक आणि रस्त्याचे हादरे यांची त्यात भर पडते. चकती फिरणाऱ्या हार्ड डिस्कला साधारणतः ६० अंशांपर्यंतच चालण्याची मुभा असते, म्हणून मुद्रण करणारा सेट-टॉप बॉक्स या कुटुंबातला सर्वांत नाजूक सदस्य ठरतो.

नैसर्गिक वायुवीजन

गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास खालून थंड हवा येते. घासलेटचा कंदील ज्यांनी वापरला आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कंदिलाच्या बुडाशी बारीक भोके असतात आणि माथ्यावर झाकणाखाली फट असते. खालची भोके काजळीने बुजली की वरची फट कितीही मोठी असली तरी ज्योत गुदमरते. मनोरंजन कपाटाचेही तसेच आहे. केवळ वर जाळी बसवून भागत नाही. हवा आत येण्यास तेवढाच मार्ग खाली हवा, आणि वाटेतील प्रत्येक फळीला छिद्रे हवीत.

दोन्ही तोंडे प्रत्येकी १०० चौरस सेंटिमीटरची, त्यांच्यातील उंचीचे अंतर अर्धा मीटर आणि कपाटातील हवा खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम, असे धरल्यास या नैसर्गिक प्रवाहाने सुमारे ५० वॅट उष्णता वाहून नेली जाते. म्हणजे एक सेट-टॉप बॉक्स आणि एक डिस्क प्लेयर एवढ्यासाठी पंख्याची गरज नाही. अ‍ॅम्प्लिफायर किंवा गेम कन्सोल आला की मात्र हे अपुरे पडते. डोक्यावरच्या बसक्या फडताळात तर अर्धा मीटर उंचीच मिळत नाही.

मांडणीतील काही बारकावे फुकटात लाभ देतात. सर्वाधिक तापणारे यंत्र सर्वांत वर ठेवावे, म्हणजे त्याची धग इतरांना लागत नाही. दोन यंत्रांमध्ये किमान चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडावे. अनेक मोटरहोमच्या फडताळांना आतून गालिच्यासारखे कापड चिकटवलेले असते. यंत्राचे रबरी पाय त्यात रुततात आणि बुडाची छिद्रे झाकली जातात, म्हणून यंत्राखालचे कापड कापून काढावे किंवा यंत्र लाकडी पट्ट्यांवर उचलावे. पाठीमागे तारांचे भेंडोळे हवेची वाट अडवते. तारा बाजूने बांधून नेल्या तर वाट मोकळी होते. दार काचेचे असल्यास त्याऐवजी जाळीचे किंवा पट्ट्यांचे दार बसवता येते. दूरनियंत्रकाचे किरण त्यातून जात नसतील तर किरण पुढे पोहोचवणारे लहान साधन बाजारात मिळते.

पंखे

पंख्याची क्षमता किती हवी हे हवेच्या गुणधर्मांवरून काढता येते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते आणि तिला एक अंश तापवण्यास सुमारे १.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. १०० वॅट उष्णता १० अंशांच्या वाढीवर बाहेर न्यायची तर दर सेकंदाला ८.३ लिटर, म्हणजे तासाला ३० घनमीटर हवा वाहावी लागते. अमेरिकेत पंख्यांची क्षमता दर मिनिटाला घनफूट या मापात लिहितात. त्या मापात हा आकडा सुमारे १८ येतो. संगणकात वापरतात तो १२० मिलिमीटरचा पंखा मोकळ्या हवेत याच्या दुप्पट-तिप्पट हवा ढकलतो. पण जाळी, गाळणी आणि अरुंद वाटा यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. म्हणून गणिताच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घेण्याची पद्धत आहे. मोठा पंखा हळू फिरवणे हे लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा बरे, कारण आवाज कमी होतो. झोपण्याची जागा कपाटापासून दोन मीटरवर असलेल्या घरात ही लहान गोष्ट नाही. रात्री पंख्याची घरघर असह्य होऊन मालकाने तो बंद करून टाकला, तर सारी योजना व्यर्थ जाते.

पंखा हवा बाहेर ओढणारा असावा की आत ढकलणारा, यावर बराच वाद घातला जातो. बाहेर ओढणारा पंखा वरच्या बाजूस बसवला की नैसर्गिक प्रवाहाला त्याचे साहाय्य होते. मात्र तो प्रत्येक फटीतून धूळ आत खेचतो. आत ढकलणाऱ्या पंख्यापुढे एकच गाळणी लावून धूळ अडवता येते, पण ती गाळणी वेळोवेळी धुतली नाही तर पंखा असून नसल्यासारखाच. ॲरिझोना किंवा नेव्हाडाच्या वाळवंटी मुलखात मुक्काम करणाऱ्यांनी दुसरा पर्याय घ्यावा, इतरांनी पहिला, असे म्हणता येईल. पंखा आणि आत येण्याचे छिद्र अगदी शेजारी असू नयेत. तसे असल्यास हवा दारातून येऊन दारातूनच परत जाते आणि कोपऱ्यातला अ‍ॅम्प्लिफायर तापतच राहतो.

मोटरहोममध्ये १२ व्होल्टचा पुरवठा हाताशी असतो आणि संगणकाचे पंखेही १२ व्होल्टचेच असतात, हा चांगला योग आहे. तरी बॅटरी भारित होत असताना प्रत्यक्ष दाब १४ व्होल्टच्या वर जातो, हे लक्षात ठेवून तो सोसणारा पंखा निवडावा. ०.२ अँपिअर घेणारा पंखा चोवीस तासांत बॅटरीतून सुमारे ५ अँपिअर-तास खर्च करतो. विजेची जोडणी नसलेल्या मुक्कामात हा खर्च जाणवतो. म्हणून कपाटाच्या माथ्याशी सुमारे ४० अंशांना जोडणी करणारा आणि थंड झाल्यावर ती तोडणारा लहानसा थर्मोस्टॅट बसवतात. पंख्याच्या तारेला उगमाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असणे अनिवार्य आहे.

उंचीचाही परिणाम होतो. कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वतातील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असते. पंखा तेवढेच घनमीटर हलवतो, पण त्या घनमीटरात हवा कमी असते, म्हणून उष्णताही कमी वाहून नेली जाते. बाहेर थंडी असली तरी आत हीटर चालू असल्यास या फरकाची भरपाई होत नाही.

हवा कोठून घ्यावी व कोठे सोडावी

यंत्र खराब झाल्यास पैशांचे नुकसान होते. हवेची वाट चुकीच्या ठिकाणी काढल्यास माणसाच्या जिवाशी गाठ पडते. मोटरहोममध्ये स्वयंपाक, शीतकपाट आणि हीटर यांसाठी प्रोपेन वायू असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. कपाटाचा खालचा हवामार्ग वायूच्या टाक्यांच्या कप्प्यातून किंवा वायू-उपकरणांच्या कप्प्यातून काढल्यास, पंखा नेमका तो वायू ओढून ठिणगी पडू शकणाऱ्या यंत्रांपाशी आणेल. तसेच बाहेरच्या भिंतीला भोक पाडून तेथून हवा घेतली आणि जवळच जनित्राचा किंवा हीटरचा धूर बाहेर पडत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड राहत्या जागेत येतो. या वायूला रंग वा वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही.

म्हणून हवा राहत्या खोलीतून घ्यावी आणि खोलीतच परत सोडावी, हा सर्वमान्य नियम आहे. शंभर-दोनशे वॅटची ऊब खोलीत आल्याने फारसे बिघडत नाही. छतावरील वातानुकूलन यंत्राची क्षमता सामान्यतः १३,५०० बीटीयू, म्हणजे सुमारे ४ किलोवॅट असते. बाहेरच्या भिंतीला छिद्र पाडल्याने पाणी झिरपण्याचाही धोका असतो, आणि मोटरहोमच्या लाकडी सांगाड्याला पाण्याइतका मोठा शत्रू नाही. हवा भिंतीच्या किंवा छताच्या पोकळीत सोडणेही चूक, कारण पोकळीत फोमचे अस्तर आणि तारा असतात व ती उष्णता तेथेच कोंडते. कोठेही भोक पाडण्यापूर्वी त्यामागे काय आहे ते पाहावे. वायूची नळी, पाण्याची नळी आणि १२० व्होल्टची तार एकाच पोकळीतून जाऊ शकतात. अमेरिकेत या वाहनांच्या वायू, विद्युत व अग्निसुरक्षेसंबंधी 'एनएफपीए ११९२' हे मानक आहे.

आगीविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तापलेला सेट-टॉप बॉक्स सहसा स्वतः पेट घेत नाही, तो बंद पडतो. धोका असतो तो हौसेने केलेल्या जोडण्यांचा, म्हणजे बारीक तारेवर टाकलेल्या जादा भाराचा, सैल पिळलेल्या आणि हादऱ्यांनी सुटलेल्या जोडांचा, फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून घेतलेल्या पुरवठ्याचा. थंडाव्यासाठी बसवलेल्या पंख्याची तारच आगीला कारण व्हावी, हा केवढा दैवदुर्विलास!

विद्युतपुरवठ्याचा भाग

बॅटरीवरून घरगुती दाबाची वीज करणारा इन्व्हर्टर स्वतःही तापतो. ९० टक्के कार्यक्षमतेच्या इन्व्हर्टरवर ३०० वॅटचा भार टाकल्यास सुमारे ३३ वॅट उष्णता त्याच्यापाशीच राहते. तो मनोरंजन कपाटात बसवू नये, बॅटरीजवळच्या हवेशीर पण बॅटरीच्या बाष्पापासून विलग अशा जागी असावा. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध ज्या-तरंग न देता पायऱ्यांचा तरंग देतात. त्यावर रोहित्र असलेले जुने अ‍ॅडॅप्टर अधिक तापतात आणि गुणगुणतात. उन्हाळ्यात तळावरील सर्व वाहनांची वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू झाली की दाब घसरतो. तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी यंत्रे अधिक प्रवाह ओढतात व त्यांचा पुरवठा-विभाग तापतो. थेट १२ व्होल्टवर चालणारा दूरचित्रवाणी संच घेतल्यास हे दुहेरी रूपांतर टळते.

उभ्या वाहनातील उष्णता

यंत्रे बंद असतानाही धोका संपत नाही. 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, २२ ते ३६ अंश तापमानाच्या दिवसांत उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे आतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच किंचित उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास मुलांच्या जिवाच्या काळजीतून केलेला होता. मोटरहोम आकाराने मोठे व अस्तर असलेले असल्याने इतक्या वेगाने तापत नाही, पण दिवसभरात तेही तापते. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातील फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ अंश किंवा त्याहून अधिक होते. अशा जागी बंद ठेवलेल्या वाहनातील पुढच्या खणाचे तापमान यंत्रांच्या साठवण-मर्यादेला, म्हणजे बहुधा ६० अंशांना, भिडू शकते.

पुढच्या काचेवर बाहेरून लावलेला परावर्तक पडदा आतल्या पडद्यापेक्षा अधिक उपयोगी असतो, कारण तो ऊन काचेतून आत येण्यापूर्वीच अडवतो. वाहनाचे तोंड उत्तरेकडे करून उभे केल्यास उत्तर गोलार्धात पुढचे कपाट दुपारच्या उन्हातून वाचते. ऑस्ट्रेलियात ही दिशा अर्थातच उलट होते. छतावरचा झरोका उघडा ठेवून त्यातील पंखा मंद चालवणे हा मुक्कामातील प्रचलित उपाय आहे. परत आल्यावर आधी वाहन थंड करावे आणि मग यंत्रे सुरू करावीत. हिवाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागते, कारण गोठलेल्या वाहनात हीटर लावताच थंड यंत्रांवर दव धरते. ते सुकेपर्यंत कळ दाबू नये.

तापमानाचे मापन

हात लावून पाहणे हे मापन नव्हे. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा स्वस्त अंकीय तापमापक पुरेसा असतो. त्याचा संवेदक कपाटाच्या माथ्याशी, सर्वांत गरम यंत्राच्या मागे टांगावा आणि दुसरा खोलीत ठेवावा. सर्व यंत्रे चालू ठेवून, दार बंद करून, किमान दीड-दोन तास थांबावे, कारण तापमान स्थिरावण्यास तेवढा वेळ लागतो. दोहोंतील फरक १० अंशांच्या आत असल्यास वायुवीजन समाधानकारक समजावे. निव्वळ कपाटाचा आकडा पाहून निष्कर्ष काढल्यास जानेवारीत केलेली चाचणी मे महिन्यात फसवते. फरक मात्र ऋतूनुसार फारसा बदलत नाही. दुरून तापमान सांगणारे अवरक्त तापमापक चकचकीत धातूवर चुकीचे, बहुधा कमी, तापमान दाखवतात. तेथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

भारतातील संदर्भ

भारतात खासगी मोटरहोम अद्याप विरळा आहेत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील व्हॅनिटी व्हॅन हे त्याचे सर्वाधिक परिचित रूप. वातानुकूलन यंत्र, आरसे, दिवे आणि दूरचित्रवाणी संच असलेली ही वाहने चित्रीकरणस्थळी दिवसभर उन्हात जनित्रावर चालतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आणि केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले. विदर्भात नागपूर-चंद्रपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणजे वातानुकूलन बंद असल्यास यंत्रांची ४० अंशांची मर्यादा कपाट उघडे असतानाच ओलांडली जाते. कोकणात तापमान कमी, पण खारी दमट हवा असते. तेथे पंख्याने आत येणारी हवा गंजाचेही कारण होते, त्यामुळे यंत्रे वापरात नसताना पंखा बंद ठेवणारा थर्मोस्टॅट तेथे अधिक उपयोगी पडतो.

फिरत्या वाहनातून करमणुकीची यंत्रे नेण्याचा महाराष्ट्राचा अनुभव मात्र जुना आहे. जत्रांतून मालमोटारीने गावोगाव फिरणाऱ्या तंबू सिनेमांच्या प्रक्षेपकांत कार्बनच्या कांड्यांची प्रखर ज्योत जळत असे. तिच्या पेटीच्या माथ्यावर उष्णता व धूर बाहेर जाण्यासाठी धुराडे असे, आणि खाली हवेसाठी छिद्रे ठेवलेली असत.